नायकानं एकदाच दिलेला सल्ला

नायकांनी पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं, तोंडाकडं नंतर. मी तेव्हा अकरावीत होतो आणि फौजेच्या भरतीसाठी मलाही मैदानावर घ्या म्हणून सांगायला गेलो होतो. "पाय जुळव," ते म्हणाले. मी जुळवले. ते उकिडवे बसले, माझ्या दोन गुडघ्यांमधून दोन बोटं आरपार घालून पाहिली आणि उठले.

"गुडघे फिट. कान दाखव."

मी कान पुढं केला. त्यांनी तो सूर्याकडं वळवून आत पाहिलं.

"कान अनफिट. आजपासून रोज तेल घाल. डाक्टर कानातल्या मळावरून बी पोरं बाहेर काढतेत. उद्या पाचला ये."

जगाची त्यांनी अशी दोनच भागांत वाटणी करून टाकली होती. गावातला हापसा फिट, त्याच्या शेजारची पाण्याची टाकी अनफिट. एक सरपंच फिट निघाला होता, त्याच्यानंतरचे दोन अनफिट. गावात लग्न असलं की बाकीचे लोक मांडवात नवरदेवाचा फेटा बघायचे, हे त्याच्या चालीकडं बघायचे. एकदा भर पंगतीत मुलीच्या बापाला म्हणाले, "जावई चांगला हाय. फौजेत मातर जाणार न्हाई, गुडघे चिकटतात." जावई बँकेत होता. मुलीच्या बापाला हसावं की रागवावं ते कळेना.

आमचं गाव निलंग्यापासून सहा-सात किलोमीटर आत. सतरा वर्षं फौजेत काढून, नायक या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते गावी परतले, आणि त्या दिवसापासून आम्हा पोरांसाठी त्यांचं नाव नायकच झालं. मोठी माणसं मात्र त्यांचं खरं नाव घ्यायची, तेही एकेरी. नायक बौद्धवाड्यातले. त्यांचे वडील आमच्या आजोबांकडं सालगडी होते. आजोबांनंतर सालगडी ठेवण्याइतकी जमीन आमच्याकडं उरली नाही, पण एकेरीपणा उरला होता.

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात स्वतःचा स्टीलचा गिलास. कुणी चहाला बोलावलं, अगदी सरपंचानं बोलावलं तरी, ते पिशवीतून गिलास काढून पुढं धरायचे. "माझा गिलास मला बरा," एवढंच म्हणायचे. आम्हाला ती फौजी खोड वाटायची. एकदा ते आमच्या अंगणात आले होते. काकूनं त्यांच्यासाठी फडताळातली वेगळी कपबशी काढायला हात वर केला, तेवढ्यात त्यांचा गिलास पुढं आला. काकूचा हात तसाच खाली आला. तिला सुटल्यासारखं झालं, ते मला तेव्हाही दिसलं. त्याचा अर्थ लागायला बरीच वर्षं गेली.

मैदान म्हणजे पाझर तलावाच्या खालचा गायरानाचा तुकडा. त्यांनी एकट्यानं दगड वेचून, बाभळी तोडून तिथं चारशे मीटरची गोल वाट केली होती. चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर, भरतीत तेवढंच पळवतात. त्यांच्याकडं स्टॉपवॉच नव्हतं. ते उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटत सेकंद मोजायचे. मोजता मोजता कुणाशी खताबद्दल बोलायचे, कुणाला शिव्या द्यायचे, आणि पोरगं रेघ ओलांडलं की "पाच एकतीस" असं म्हणायचे. आम्ही मोबाईल लावून कितीदा तपासलं. एखाद्या सेकंदापलीकडं फरक पडला नाही.

हजेरी ते तोंडपाठ घ्यायचे. सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव स्वतःच पुकारायचे, टाच जुळवायचे आणि स्वतःच "हाजिर" म्हणायचे. नवी पोरं हसायची. आठवडाभरानं हसेनाशी व्हायची.

बारा-पंधरा पोरं असायची आम्ही, सगळ्या वस्त्यांमधली. एका गोष्टीत मात्र नायकांचा हट्ट कुणालाच कळत नव्हता. ते सल्ला द्यायचे नाहीत. फौजेत जावं की पोलीस भरती बघावी, बारावी करून जावं की आधीच, घरचे नको म्हणतात तर काय करावं, काहीही विचारा, उत्तर एकच. "माझं काम पळवायचं. कुठं पळायचं ते घरी इचार."

एकदा वरच्या आळीतली एक बाई मैदानावर आली. नवरा वारलेला, एकच मुलगा, आणि तो आमच्यात पळत होता. मुलाच्या तोंडचंच नाव घेत ती म्हणाली, "नायक, तुमीच सांगा. पाठवू का नको? तुमी म्हणाल तसं."

नायकांनी तिला दगडावर बसायला लावलं. स्वतः उभे राहिले. बोटाची मोजणी थांबली होती.

"बाई, मला इचारू नका," ते शेवटी म्हणाले. "मी जा म्हणलं की ते माझं पोरगं होतंय. मग त्याचं जे होईल ते माझ्यावर. मला एवढं झेपत न्हाई."

त्या मुलाला तिनं पाठवलं नाही. तो पुढं निलंग्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला. नायकांनी त्यावर बरं किंवा वाईट काही म्हटलं नाही.

नांदेडला भरती निघाली तेव्हा आमच्या गावातून सात जण गेलो. नायकही आले. त्यांना आत सोडणार नव्हते. ते फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला गूळ-शेंगदाण्यांची पिशवी घेऊन उभे राहिले. भिंतीमुळं त्यांना आतलं काही दिसत नव्हतं, फक्त शिट्टी आणि आरडाओरडा ऐकू येत होता. आम्ही बाहेर आलो तर त्यांचं बोट अजून मांडीवर होतं. "तुमच्या टोळीतला पहिला पाच नऊला आला," ते म्हणाले. "तुमी त्याच्या मागं किती व्हता ते तुमी सांगा."

सातांतले दोघं पुढं गेलो, मी आणि सिद्धू. सिद्धू म्हणजे नायकांच्या धाकट्या भावाचा मुलगा, माझ्याच वर्गातला. आम्ही पळण्यात पास झालो, बीमला लटकून पुलअप मारले, छाती मोजून घेतली, डॉक्टरांनी डोळ्यांत, कानांत, दातांत सगळीकडं पाहून फिट लिहिलं. राहिली फक्त लेखी परीक्षा. परतीच्या एसटीत नायक आमच्या पुढच्या सीटवर बसले होते. लोह्याच्या पुढं त्यांनी मागं वळून आम्हाला पाहिलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं. असं तीनदा केलं. एवढाच त्यांचा आनंद.

मग लेखी परीक्षेची तारीख आली आणि पुढं गेली. पुन्हा आली, पुन्हा पुढं गेली. करोनाचे, लॉकडाऊनचे दिवस होते, सगळंच पुढं जात होतं. आम्ही गाईड फाटेपर्यंत वाचलं. गावात कुणीही भेटलं की विचारायचं, "काय रं, लागलं का पत्र?" पहिल्या वर्षी हा प्रश्न कौतुकानं विचारला जायचा. दुसऱ्या वर्षी त्यात हसू आलं. मी गावात फिरायचं सोडलं. फक्त मैदान आणि घर. पळणं मात्र चालू ठेवलं. नायक म्हणायचे, पत्र येईल त्या दिवशी पाय तयार पाहिजेत.

त्या उन्हाळ्यात टीव्हीवर नवी योजना आली. अग्निवीर. चार वर्षांची नोकरी, चारातला एक पुढं ठेवणार, तिघं घरी. जुनी अडकलेली भरती रद्द, सगळ्यांनी नव्यानं अर्ज करायचा. वयाची मर्यादा एकवीस, पण तेवढ्या एका वर्षापुरती तेवीस केली होती. मी आणि सिद्धू बाविशी ओलांडून गेलो होतो. म्हणजे जायचं तर याच वर्षी. नाहीतर थांबायचं. आमच्यासारखी अडकलेली पोरं कोर्टात गेली होती, आणि कोर्ट जुन्या भरतीतल्यांना घ्यायला लावील, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

आम्ही दोघं नायकांकडं गेलो. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड आहे, तिथं ते बसले होते. विचारून उपयोग नाही हे माहीत होतं, तरी सिद्धूनं विचारलं.

"तात्या, फारम भरावा का थांबावं?"

मी त्यांच्या नेहमीच्या उत्तराची वाट बघत होतो. पण नायक म्हणाले, "थांबा."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"थांबा दोघंबी. तुमची छाती मोजली, डाक्टरनं सही केली, सरकारचा शिक्का पडला. फौज दिलेला शबुद मोडत न्हाई. उशीर करती, मोडत न्हाई. पत्र येतंय."

"आन न्हाई आलं तर?" सिद्धू म्हणाला. "वय औंदाच वाढवलंय. पुढल्या साली दार बंद. चार वर्षं तर चार वर्षं, जाऊन तर येतो."

"आन मग? सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा हिथंच, ह्याच चिंचंखाली?"

"चारातला एक ठेवतेत की."

नायक उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत चढलेला ऐकला नव्हता, शिव्या देतानाही तो सपाट असायचा. "तुझा आजा सालगडी व्हता. साल सरलं की पाडव्याला मालकाच्या दारात उभा राहायचा, औंदा ठेवता का काढता म्हणून. मी त्याच्या बाजूला उभा राहायचो, हात धरून. मी फौजेत गेलो ते देशासाठी न्हाई का कशासाठी न्हाई. ते साल नको म्हणून गेलो. सतरा वर्षं मला कुणी इचारलं न्हाई, औंदा ठेवायचं का काढायचं. आन तू आता चार सालाचा गडी होऊलालास?"

ज्या दारात ते लहानपणी हात धरून उभे राहायचे ते आमचं दार होतं. मी तिथंच उभा होतो. नायकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटतं त्या क्षणी त्यांना मी तिथं असल्याचं आठवतही नव्हतं.

सिद्धूनं फॉर्म भरला. त्याच्या घरात खाणारी तोंडं सहा होती, आणि तो म्हणाला की वाट बघायला घरात काहीतरी असावं लागतं. मी भरला नाही. आई म्हणाली, "जा की रं, चार वर्षं तर चार वर्षं." वडील म्हणाले, "तुला कळतंय तसं कर." मी सगळ्यांना सांगितलं, नायक थांब म्हणतात. ज्या माणसानं कधी कुणाला काही सांगितलं नाही तो सांगतोय, म्हणजे त्यात काहीतरी असणार. हे खरंच होतं. पण खरं अजून एक होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. थांब हा शब्द मला गोड लागला होता. दोन वर्षं नुसतं वाट बघून माझ्यातलं काहीतरी सैल पडलं होतं. पुन्हा रांगेत उभं राहणं, पुन्हा पळणं, पुन्हा नापास होण्याची भीती, यातलं काही नको होतं. थांबणं मला जमत होतं.

सिद्धू पहिल्याच फटक्यात निवडला गेला. तो निघाला त्या दिवशी एसटी थांब्यावर अर्धा बौद्धवाडा होता, मी होतो, आमच्या मैदानावरची पोरं होती. नायक आले नाहीत. पुतण्याशी ते त्या चिंचेखालच्या दिवसापासून बोलले नव्हते. एसटी सुटेपर्यंत सिद्धू मैदानाकडच्या वाटेकडं बघत होता. "तात्याला म्हणावं, नीट जाऊन येतो," असं काहीतरी म्हणाला. मी तो निरोप दिला नाही. द्यायला गेलो होतो, पण नायक पाठमोरे बसले होते, आणि मी परत आलो.

पुढच्या वर्षी कोर्टाचाही निकाल लागला. हाती काही आलं नाही. माझं वय निघून गेलं होतं. पत्र आलंच नाही. दाराला कुलूप लागल्याचा आवाज होतो, पण हे इतकं शांतपणे झालं की आठवडाभर मी सकाळी उठून पळायला जात राहिलो.

त्याच दिवसांत गिरणीसमोर ते झालं. संध्याकाळची वेळ. पिठाच्या गिरणीपुढं दहा-बारा माणसं बसलेली. माझे काका होते, मी होतो. नायक दळण घ्यायला आले. काकांनी त्यांना एकेरी नावानं हाक मारली.

"काय रं, आमच्या पोराचं वाटुळं केलंस की."

नायक थांबले.

"सवताच्या पुतण्याला धाडलास फौजेत. आन ह्याला थांब म्हणलास. काहून? मालकाचं पोरगं खाली राहावं, आपलं वर जावं, एवढंच ना?"

गिरणीचा पट्टा चालूच होता, तरी सगळ्यांनी ऐकलं. दोघं-तिघं "तसंच हाय ते" असं पुटपुटले. नायकांनी काकांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मला सगळं माहीत होतं. त्यांनी दोघांनाही थांबा म्हटलं होतं, एकाच वेळी, एकाच झाडाखाली. सिद्धू त्यांचा शब्द मोडून गेला होता आणि त्यासाठी ते त्याला पोहोचवायलाही आले नव्हते. हे सांगायला तीन वाक्यं पुरली असती. तिथं ती सांगू शकणारा माणूस एकच होता.

मी जमिनीकडं पाहिलं.

का, हे मी स्वतःला कितीदा विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदाच घरातलं कुणीतरी माझ्या बाजूनं बोलत होतं. दोन-तीन वर्षं मी बिनकामाचं पोरगं होतो, आणि एका वाक्यात काकांनी मला फसवलं गेलेलं पोरगं करून टाकलं. फसवलं गेलेला असणं सोपं असतं. मी घाबरून थांबलो होतो हे मग कुणाला कळायचं कारण उरत नाही, मला स्वतःलासुद्धा.

नायक थोडा वेळ वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "थांब म्हणलो ते चुकलंच माझं." एवढंच. पुतण्याचा विषय त्यांनी काढला नाही. दळणाचा डबा घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद झालं. पोरं सकाळी गेली तर नायक नव्हते. पण अकराच्या सुमारास, ऊन चांगलं तापल्यावर, ते एकटे तिथं आले. पाठीवर फौजेतलं जुनं पिट्टू, म्हणजे सैनिकांची पाठपिशवी. ती त्यांनी बांधावरच्या दगडांनी भरली होती. ते चारशे मीटरच्या त्या वाटेवर चालायला लागले. पळत नव्हते, साठीच्या आसपासचा माणूस एवढं वजन घेऊन पळणार कसा. चालत होते. चार फेऱ्या झाल्या की पिट्टू खाली ठेवायचे, दगड काढून रांगेत लावायचे, घरी जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

फौजेत चुकलेल्या जवानाला अशी शिक्षा देतात, हे त्यांनीच आम्हाला कधीतरी सांगितलं होतं. त्यांना ती कुणी दिली नव्हती. किती दिवसांची, हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गाव हसलं. "नायकाला ऊन लागलं," असं म्हणायचे. पोरांनी मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ काढले. महिनाभरानं हसणंही संपलं, आणि ते फक्त एक दिसणारं काहीतरी झालं, तलावाच्या खाली अकरा वाजता फिरणारं. आमचं रान मैदानाला लागून. मी तिथं सोयाबीनवर, तुरीवर फवारणी करायचो, तणं काढायचो. रोज बघायचो. फेऱ्या मोजायचो. आमच्यात पन्नास-साठ पावलांचं अंतर असायचं. त्यांनी एकदाही माझ्याकडं मान वळवली नाही आणि मीही हाक मारली नाही. मनात मी रोज म्हणायचो, उद्या जाऊन बोलू. गिरणीसमोर सगळ्यांना सांगू. उद्या.

पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. तिसऱ्या फेरीत ते खाली बसले. आधी गुडघ्यावर, मग एका अंगावर. मी पंप टाकून पळालो. पिट्टूचे पट्टे त्यांच्या खांद्यात रुतले होते. मी पट्टा सोडवायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नको. फेरी राहिली एक."

"नायक, पुरे आता."

"तू काय करूलालास हितं? तुझं फवारायचं राहिलंय. जा."

बोलायची वेळ तीच होती. तिथं तर कुणी ऐकणारंही नव्हतं. मी पट्टा कापला, त्यांना सावलीत ओढत नेलं, तोंडावर पाणी मारलं, त्यांच्या भावाला बोलावून आणलं. हे सगळं मी भराभर केलं. हात चालू असले की तोंड उघडावं लागत नाही.

दोन दिवसांनी नांदेडहून त्यांची मुलगी आली. ती एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं घराला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन गेली. जाताना ती बापाशी भांडत होती आणि रडत होती. त्यांनी घोटून दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. जीपमध्ये ते पुढं बघत ताठ बसले होते, जणू बदलीचा हुकूम आला होता.

मैदानावर आता पुन्हा बाभळी वाढल्या आहेत. मी लातूरला आलो. इथं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचं एक वसतिगृह आहे, तिथं मी देखरेखीचं काम करतो. मुलांना उठवतो, जेवणाची हजेरी घेतो, कुणी रडत बसलं असलं तर घरी फोन लावून देतो. कधी एखादं पोर विचारतं, "दादा, यंदा परीक्षा देऊ का अजून एक वर्ष थांबू?" मी त्याला त्याच्या बापाचा नंबर लावून देतो.

यंदा सिद्धूची चार वर्षं भरत आली आहेत. तो उत्तरेला कुठंतरी आहे. चारातला एक ठेवणार, त्यात तो आहे की नाही हे अजून कळलेलं नाही. फोनवर तो त्यावर बोलत नाही. मागच्या महिन्यात त्यानंच मला विचारलं, "तात्याला भेटलास का कधी?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मी सुट्टीवर आलो की जातो. पहिल्या साली बोलले न्हाईत. दुसऱ्या सालीबी न्हाई. तिसऱ्या साली म्हणले, जेवून जा."

त्या रविवारी मी लातूरहून नांदेडची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो. लोह्यापर्यंत ते विस्कटलं होतं.

मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर. नायक गॅलरीत कूलर उघडून बसले होते, त्यातलं जुनं गवत काढून नवं भरत होते. बारीक झाले होते. मानेच्या शिरा दिसत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"बस. ही जाळी धर."

मी जाळी धरली. ते गवत पसरून दाबू लागले. थोडा वेळ आम्ही तेच केलं. त्यांनी आईची चौकशी केली. काकांचीही केली. काकांना मधुमेहानं दिसायचं कमी झालंय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"सिद्धूचं काय म्हणतेत?" मी विचारलं.

"कळंना. ठेवतेत का काढतेत, पुढल्या महिन्यात कळंल." त्यांनी गवताची एक गुंडाळी सोडवली. "तो गेला ते बराबर का तू राहिलास ते, मला अजून कळंना. मी लई इचार केला. कळंना."

मी जाळी घट्ट धरली होती. तिची तार बोटात रुतत होती.

"नायक," मी म्हणालो, "तवा गिरणीपाशी मी बोललो न्हाई. तुमी दोघांनाबी थांबा म्हणला व्हता. मला माहीत व्हतं. मी तिथंच व्हतो आन बोललो न्हाई."

त्यांनी हातातलं गवत बाजूला ठेवलं नाही. तसंच दाबत राहिले, कडेनं, मग मधे, मग पुन्हा कडेनं.

"बोलून काय झालं असतं?" ते म्हणाले. "तुझ्या काकानं तुलाच गप केलं असतं. पोराला पढवून ठेवलंय म्हणले असते. कुणी ऐकलं नसतं."

मी मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा छातीतलं काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. मला वाटलं, संपलं. एवढंच होतं आणि ते त्यांनी माफ केलं.

त्यांनी माझ्या हातातली जाळी घेतली, खाचेत बसवली, तळहातानं ठोकली. वर न बघता म्हणाले,

"पर बोलायचं व्हतंस रं."

आतून त्यांच्या मुलीनं जेवायला हाक मारली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.